लांडग्यांच्या देवळात भंडारा

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचं एखादं वाक्य आठवावं लागतं. वाक्य आलं की मागून आवाज येतो. आज शनिवार आहे, सुट्टी आहे. अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत दोरीवर माझा पांढरा शर्ट वाळतो आहे, त्याच्या खिशापाशी हळदीचा एक डाग आहे, आणि तो उन्हाने जातो का ते पाहत मी बसलो आहे. तुमची सून दोनदा विचारून गेली, की शर्टाकडे एवढं काय बघायचं. तिला काय सांगू? तुम्हाला सांगायचं म्हणून कागद घेतला आहे. त्यासाठी मला जपानला जाऊन यावं लागलं, ते सुद्धा एका कुत्र्यासाठी. हसू नका.

चंपाषष्ठीचा तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. मी नऊ वर्षांचा होतो, आपण बर दुबईत देवळाच्या गल्लीमागे राहायचो. आईने वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे केले होते. तळी भरून झाली, खंडोबाला नैवेद्य दाखवून झाला, आणि घोडं अडलं ते कुत्र्यापाशी. गावाकडे दारात उभं राहून नुसतं यू-यू केलं की चार कुत्री हजर व्हायची. इथे खंडोबाच्या कुत्र्याचा घास घालायचा कुणाला? गल्लीत मांजरं पुष्कळ. आई म्हणाली, "मांजराला घाला हो, देव समजून घेईल." तुम्ही म्हणालात, "देव समजून घेतो म्हणून आपण वाटेल ते करायचं का?" आणि कंपनीची पिकअप काढून, मला शेजारी बसवून, मांडीवर डबा देऊन तुम्ही दुबईभर कुत्रा शोधत हिंडलात. दुपार टळली तरी कुत्रा नाही. शेवटी अल कुसैसच्या एका गोदामाच्या फाटकात साखळीला बांधलेला एक दांडगा, धुळीने माखलेला कुत्रा दिसला, आणि तुमचा चेहरा असा उजळला की जणू प्रत्यक्ष मल्हारीच भेटला.

गोदामाचा पठाण वॉचमन बाजेवरून उठलाच नाही. "हटो, हटो, ये काटता है," म्हणाला. तुम्ही हात जोडून म्हणालात, "भाईसाब, आज इसका त्योहार है." त्याने तुमच्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे पाहिलं. "कुत्ते का त्योहार?" म्हणाला आणि पोट धरून हसला, पण साखळी मात्र स्वतः आखडून धरली. तुम्ही पितळेच्या डबीतून चिमूटभर भंडारा काढून कुत्र्याच्या कपाळाला लावलात. तो अस्सा शिंकला की डबी हिंदकळली आणि तुमचा पांढरा शर्ट पिवळा झाला. मग माझ्या हातात ताट देऊन म्हणालात, "वाढ त्याला." मी चार हात लांब ताट जमिनीवर ठेवलं आणि पळत जाऊन पिकअपमध्ये बसलो. तुम्ही ताट उचललंत, त्याच्यापुढे सरकवलंत, आणि तो चाटूनपुसून खाईपर्यंत तिथे उकिडवे बसून राहिलात. येताना तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी केव्हाच विसरलो असतो. रस्त्याकडे बघत एवढंच म्हणालात, "ज्याला वाढतो त्याच्यासमोर उभं राहावं. ताट ठेवून पळू नये."

घरी आईने शर्टाला साबण लावला तर पिवळा डाग लालभडक झाला. मला वाटलं, कुत्रा तुम्हाला चावला आणि तुम्ही सांगितलं नाहीत. मी रडायला लागलो. आई म्हणाली, "अरे वेड्या, हळद साबणाला चिडते. उन्हात टाकली की आपोआप जाते." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शर्टावर काही नव्हतं.

आता मी राहतो ती इमारत त्या गोदामापासून चालत दहा मिनिटांवर आहे. गोदाम पाडून तिथे सुपरमार्केट झालं. मी बावन्न वर्षांचा आहे, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात खरेदी विभाग बघतो, आणि तेरा वर्षांपूर्वी तिथेच मालाच्या कंटेनरखाली एक पिल्लू सापडलं. तपकिरी, लांब पायांचं, वाळवंटातलं. तुमची नात, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, तेव्हा तेरा वर्षांची होती. तिची आई म्हणाली, फ्लॅटमध्ये कुत्रं बित्रं चालणार नाही. मी तुमचं नाव पुढे केलं. म्हटलं, दरवर्षी चंपाषष्ठीला कुत्रा शोधत हिंडण्यापेक्षा खंडोबाचा कुत्रा घरीच असलेला काय वाईट? तुमचं नाव घेतलं की ही गप्प बसते, हे मला माहीत होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहायला घेतलं होतं, पण पुढचं अक्षर उमटेना.

पोरगी शिकली, जपानमध्ये नोकरीला लागली. त्याच सुमारास आमच्या इमारतीच्या मालकाने नोटीस लावली, की प्राणी ठेवायचे नाहीत. तिने सहा महिने कागदपत्रं, लसी, रक्ताच्या तपासण्या केल्या आणि कुत्रा बरोबर नेला. मी विमानतळावर त्याच्या पिंजऱ्याच्या जाळीतून बोट घातलं, त्याने ते चाटलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा भेट नाही. पण दोन महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. मूत्रपिंडं गेली आहेत. खात नाही, रात्रंदिवस कण्हतो. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन देऊन झोपवा, त्याचा छळ थांबवा. एवढं सांगून ती म्हणाली, "बाबा, यू डिसाइड. ही इज युअर डॉग टू." मी म्हणालो, बघू. मग आठवडाभर बघू. प्रत्येक फोनला माझं बघूच. असं भिजत घोंगडं ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तुम्हाला हॉस्पिटलमधला तो दिवस माहीत नाही, तुम्ही अर्धवट शुद्धीत होता. डॉक्टरांनी मला आणि आईला बाहेर बोलावून सांगितलं, ऑपरेशन केलं तर टेबलावरच जातील अशी भीती आहे, नाही केलं तर एक-दोन दिवस. तासाभरात सांगा. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. पंचविशीकडे आलेला कर्ता मुलगा, तिने दुसरं कुणाकडे बघायचं? मी म्हणालो, "गाडीच्या पार्किंगची पावती संपत आली आहे, बदलून येतो," आणि खाली गेलो. वर आलो तेव्हा आईने सांगून टाकलं होतं, ऑपरेशन नको. ती तुमच्या उशाशी तुमचा हात धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. पुढे अकरा वर्षं आई जगली. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, मध्येच विचारायची, "मी बरोबर केलं ना रे?" मी म्हणायचो, "हो गं आई, बरोबरच केलंस." मी कारकून शिक्का मारतो तसा हो म्हणायचो. तिचा प्रश्न दर वेळी नवा असायचा.

म्हणून या वेळी रजा टाकली आणि गेलो. मनाशी म्हटलं, या खेपेला मी सांगणार, मीच. पोरीच्या घरी पोचलो तर तो कोपऱ्यात गोधडीवर पडलेला. मला पाहून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, शेपटी तेवढी दोनदा आपटली. हाडांचा सापळा उरला होता. दोन दिवस मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि दोन्ही दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पोरीनेच सोमवारची वेळ घेऊन टाकली आणि म्हणाली, "तोपर्यंत तुला काही वाटलं तर सांग, मी कॅन्सल करीन." मग शनिवारी म्हणाली, चल, त्याला एका ठिकाणी घेऊन जाऊ.

डोंगरावरचं देऊळ, अप्पा, कित्येक शतकांपूर्वीचं. वर जायला दोरावर ओढली जाणारी गाडी, तिच्यात कुत्र्यांना बसायची वेगळी जागा. मी म्हटलं, देवळात कुत्रा नेऊ देतात? बर दुबईच्या देवळात चपलेचं टोक आत गेलं तरी लोक वळून बघतात. ती म्हणाली, इथे लोक मुद्दाम आणतात. फाटकाशी दोन्ही बाजूंना दगडी कुत्रे बसवलेले दिसले, शेवाळ आलेले, कान ताठ. मी तिथेच थबकलो. "बाबा, दीज आर वुल्व्ह्ज," ती म्हणाली. "लांडगे. गॉडचे मेसेंजर्स." मी म्हटलं, लांडगा काय आणि कुत्रा काय, भाऊबंदच. हे आपल्या मल्हारीचंच ठाणं, माणसं फक्त जपानी. हात धुवायला टाक्यावर लाकडी पळ्या होत्या आणि खाली कुत्र्यांसाठी वेगळं पाणी. शिवाशिव नाही, आरडाओरडा नाही. तुम्ही असतात तर त्या खालच्या भांड्यापाशीच बसकण मारली असतीत.

पुढे पायऱ्या होत्या, संपता संपेनात अशा. तो चालू शकत नव्हता. मी त्याला खांद्यावर घेतलं, लहानपणी पोरीला घ्यायचो तसं. एकेकाळी त्याला उचलताना कंबर धरायची, आता भाजीच्या पिशवीइतका हलका झाला होता. त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर, त्याच्या श्वासाला औषधाचा वास. दर वीस पायऱ्यांना मी थांबायचो, आणि पोरगी मागून म्हणायची, "मी घेऊ का?" मी नको म्हणायचो. तेवढं एक माझ्या हातात होतं.

वर पुजाऱ्याने पांढऱ्या कागदी झालरींची काठी सगळ्या कुत्र्यांच्या डोक्यांवरून फिरवली. एक कुत्रा बाबागाडीत बसून आला होता, अंगात कोट घालून. आमच्या कुत्र्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. बाहेर लाकडी पाट्या मिळत होत्या, त्यांवर देवाला मागणं लिहून टांगायचं. पोरीने इंग्रजीत काहीतरी लिहिलं. मी मराठीत लिहिलं. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. इथे वाढलेल्या मुलांचं असंच असतं. ती म्हणाली, "काय लिहिलंस?" मी म्हणालो, "बरा होऊ दे, असं लिहिलं." तसं लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं, देवा, सोमवारच्या आत तूच याला घेऊन जा. सुंठेवाचून खोकला जावा एवढंच माझं मागणं. इतका लांबचा प्रवास करून, इतक्या पायऱ्या चढून मी देवापुढे काय मागितलं, तर मला काही बोलावं लागू नये.

निघताना पुन्हा तो दगडी लांडगा समोर आला आणि माझा हात आपोआप खिशात गेला. तुमची पितळी डबी मी बरोबर नेली होती. कुत्र्याच्या कपाळाला चिमूटभर भंडारा लावला. इथवर ठीक होतं. पण मग मला काय झालं कोण जाणे, उरलेली मूठ भरून मी त्या लांडग्यावर उधळली आणि मोठ्याने ओरडलो, "येळकोट येळकोट जय मल्हार!" बाबागाडीतला कुत्रा भुंकायला लागला, त्याच्या मागून बाकीचे. माणसं जागच्या जागी उभी. शतकांचं शेवाळ आलेला तो दगड, त्याखालची पायरी, माझा शर्ट, सगळं पिवळंधमक. "बाबा! व्हॉट डिड यू डू?" पोरगी रडकुंडीला आली. ती तिथे परक्या देशात एकेका नियमाला जपून राहते, आणि हे हात दाखवून अवलक्षण मी तिच्या पदरी बांधलं.

निळा कामाचा कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ बादली आणि कुंचा घेऊन आले. पोरगी त्यांच्यापुढे कंबरेत वाकून वाकून माफी मागत होती. मी त्यांच्या हातातून कुंचा घेतला, गुडघ्यांवर बसलो आणि पायरी घासायला लागलो. बादलीत साबण होता, अप्पा. पायरी लाल झाली. देवाच्या दारात, त्या दुखणाईत कुत्र्याच्या शेजारी, लालभडक ओघळ. एका बाईने तोंडावर हात ठेवला. मी जितका घासत होतो तितका लाल रंग पसरत होता, आणि मला जपानीत एक शब्द येत नव्हता. मी आकाशाकडे बोट दाखवून "सन, सन" म्हणत राहिलो. पोरीला म्हटलं, सांग ना त्यांना, तुझी आजी सांगायची, हळद उन्हात जाते. तिने सांगितलं. म्हाताऱ्यांनी वर ऊन पाहिलं, मग वाकून कुत्र्याचं पिवळं कपाळ पाहिलं, आणि काहीतरी म्हणाले. पोरगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते विचारतायत, हे त्याच्यासाठी होतं का?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातला कुंचा काढून घेतला, बादली झाडाच्या मुळाशी ओतली आणि हाताने खूण केली, की असू दे. मला तिथे रडू आलं. कुत्र्यासाठी आलं म्हणावं तर खोटं होईल.

माझं परतीचं विमान रविवारी होतं. पोरीने सकाळी विचारलं, "बाबा, कान्ट यू स्टे टिल मंडे?" मी म्हणालो, "रजा नाही गं." मी दहीभात मऊ कालवून त्याच्यापुढे ठेवला, त्याच्या कपाळावरून हात फिरवला, तेवढ्यात टॅक्सी आली म्हणून उठलो. त्याने तो भात खाल्ला की नाही, मी पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी दहाला मी कारखान्यात मीटिंगमध्ये होतो, तिच्याकडे दुपार झाली होती. फोन वाजला तसा बाहेर माल उतरवायच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. फोर्कलिफ्टवाला हॉर्न देतोय, सुपरवायझर ओरडतोय, "यल्ला, यल्ला, साइड दो भाई," आणि कानात पोरगी म्हणते आहे, "ही इज गॉन, बाबा. आय हेल्ड हिम." मी विचारलं, त्रास झाला का. नाही म्हणाली. झोप लागल्यासारखा गेला. मग ती म्हणाली, "पाटीवर तू काय लिहिलंस ते मला माहीत आहे. माझा फोन मराठी वाचतो. मी तिथेच वाचलं." "इट्स ओके. मलाही तेच हवं होतं," ती म्हणाली. "बट समवन हॅड टु बी देअर, ना?" तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती मला समजावत होती, अप्पा. सव्वीस वर्षांची पोर, आत्ताच त्याला मांडीवरून खाली ठेवलेली, ती मला समजावत होती. आणि शेवटी, फोन ठेवता ठेवता, तिने विचारलं, "आय डिड द राइट थिंग, ना बाबा?"

मी म्हणालो, हो गं, बरोबरच केलंस. दुसरं काय म्हणणार होतो?

शर्टावरचा डाग आता शोधावा लागतो आहे. इथल्या उन्हाला दोन तास पुरे. धुवायला टाकला तेव्हा जावा म्हणूनच टाकला होता, आता जातो आहे तर जीव घाबरा होतो. म्हणून मघाशी उठून शर्ट दोरीवरून काढला आणि ओलसरच घडी करून ठेवून दिला. हा कागदही त्याच घडीत ठेवीन. तुम्हाला पोचवायचा तर कुठे पोचवणार, आणि ज्यांना खरंच वाचून दाखवायला हवा त्यांतली एक गेली आणि दुसरीला अजून मराठी वाचता येत नाही. तिचा फोन वाचू शकतो, हे मला कळतं आहे. तरी मी तिला याचा फोटो पाठवणार नाही.

माझी रजा बुधवारपर्यंत होती, अप्पा. आणि हॉस्पिटलमधल्या त्या दिवशी पार्किंगची पावती मी दहाच मिनिटांपूर्वी नवी घेतली होती.